निळा दिवा लागेपर्यंत

हॉट-स्वॅपसाठी, म्हणजे यंत्र चालू असतानाच त्यातला भाग बदलण्यासाठी, बनवलेल्या कनेक्टरमध्ये सगळ्या पिना सारख्या लांबीच्या नसतात. फरक चटकन लक्षात येत नाही, पण कनेक्टर तिरका धरून उजेडात पाहिला की दिसतो. काही पिना पुढे आलेल्या, बऱ्याचशा किंचित मागे, आणि एखाददुसरी सगळ्यांत आखूड. कार्ड आत ढकललं की लांब पिना आधी टेकतात, म्हणजे ग्राउंड आणि वीज. मग सिग्नलच्या मधल्या पिना. आखूड पिन सर्वांत शेवटी टेकते. बाकीच्या सगळ्या पोहोचल्या आहेत, आता सुरुवात करायला हरकत नाही, एवढंच ती सांगते. कार्ड बाहेर ओढताना हा क्रम आपोआप उलटा होतो. आखूड पिन आधी सुटते, कोणीतरी निघालं आहे हे यंत्राला कळतं, आणि ग्राउंड शेवटपर्यंत धरून राहतं.

मला हॉट-स्वॅपमधला हा सगळ्यांत सुंदर भाग वाटतो. लांब आणि आखूड पिनेमधलं मिलिमीटर-दीड मिलिमीटरचं अंतर माणसाचा हात काही मिलिसेकंदांत पार करतो. आपल्याला तो क्षणसुद्धा वाटत नाही. प्रोसेसर मात्र तेवढ्यात लाखो सूचना पार पाडतो. म्हणजे सावध व्हायला, चालू व्यवहार आवरायला, वीज तोडायला त्याच्याकडे भरपूर अवधी असतो. धातूच्या त्या काडीची लांबी ज्यांनी ठरवली, त्यांनी माणसाच्या धांदलीतून यंत्रासाठी वेळ काढून दिला.

मी बरीच वर्षं सर्व्हरच्या व्यवस्थापन फर्मवेअरवर, म्हणजे यंत्राच्या आतच बसवलेल्या सॉफ्टवेअरवर, काम करते आहे आणि त्यातला काही काळ मानकं लिहिणाऱ्या गटांच्या बैठकांत गेला. तिथे बसून एक गोष्ट मनात पक्की झाली. चालू यंत्रातला भाग बदलणं हा वाट पाहण्याचा करार आहे. कोणी कोणासाठी थांबायचं, किती थांबायचं, आणि थांबलेल्याला पुढे जायची परवानगी कोणी द्यायची, हे त्यात ठरतं. हा करार एकाच कंपनीच्या कपाटात राहिला, तर ती सोय त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांपुरती. तो उघड्यावर, अनेकांनी भांडून लिहिला, तर जो माणूस त्या बैठकीला कधीच नव्हता त्याचं कामही बिनधोक होतं.

वीज आधी जोडायची, हे म्हणायला सोपं आहे. कार्डावर कपॅसिटर असतात, आणि कपाटात पडून राहिलेल्या कार्डावरचे कपॅसिटर रिकामे असतात. चालू वीजवाहिनीला ते टेकले की कोरड्या जमिनीने पहिला पाऊस प्यावा तसा विद्युतभार ओढून घेतात. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १२ व्होल्टपर्यंत १ मिलिसेकंदात भरायचा तर सरासरी १२ अँपिअर प्रवाह लागतो. तोच १० मिलिसेकंदांत भरला तर १.२ अँपिअर पुरतो. काहीच आवर घातला नाही तर हा काळ मायक्रोसेकंदांवर येतो, प्रवाह बेसुमार चढतो आणि पिनेच्या टोकावर ठिणगी पडते. त्याहून वाईट म्हणजे शेजारच्या कार्डांचा व्होल्टेज क्षणभर खाली बसतो. ज्याला कोणी हातही लावला नव्हता तो सर्व्हर रीस्टार्ट होतो. म्हणून कार्डाच्या तोंडाशीच एक मॉस्फेट (विजेची झडप म्हणावी असा ट्रान्झिस्टर) आणि त्याला बेताबेताने उघडणारा हॉट-स्वॅप कंट्रोलर बसवतात. सिग्नलच्या तारांनाही अशीच काळजी लागते. कॉम्पॅक्टपीसीआय या औद्योगिक संगणकांच्या रचनेच्या हॉट-स्वॅप मानकात सिग्नलच्या पिना बसला, म्हणजे सगळ्या कार्डांच्या सामाईक तारांना, टेकण्याआधी सुमारे १ व्होल्टवर आणून ठेवायला सांगितलं आहे. शून्य व्होल्टची तार चालू बसवर येऊन आदळली, तर भलत्याच दोन कार्डांमध्ये चाललेली देवाणघेवाण बिघडू शकते.

यंत्र चालू ठेवूनच भाग बदलायची ओढ आधी टेलिफोनवाल्यांना लागली. १९६५ मध्ये न्यू जर्सीतल्या सकासुन्ना गावी अमेरिकेच्या बेल सिस्टम या टेलिफोन कंपनीचं ईएसएस क्रमांक १ हे इलेक्ट्रॉनिक स्विच, म्हणजे टेलिफोन एक्स्चेंज, सुरू झालं. त्याचं उद्दिष्ट होतं, ४० वर्षांत एकूण २ तासांहून जास्त बंद पडायचं नाही. ४० वर्षांत भाग बिघडणारच होते, त्यामुळे दुरुस्ती चालू यंत्रातच करावी लागणार हे उघड होतं. १९७४ मध्ये टँडम कंपनी निघाली आणि १९७६ मध्ये तिचा नॉनस्टॉप संगणक आला. एक प्रोसेसर गेला तरी दुसरा काम उचलतो आणि बिघडलेला भाग मशीन न थांबवता बदलता येतो, या विचारावर तो उभा होता. या यंत्रांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण या सगळ्या एकेका घरच्या विद्या होत्या. टँडमचा भाग टँडमच्याच मशीनमध्ये बसायचा आणि तो कसा बसायचा हे टँडमच्याच माणसाला माहीत असायचं.

ब्लेड सर्व्हर आले तेव्हाही हेच झालं. २००१ च्या आसपास एका चासीत (सामाईक पेटीत) दहा-वीस पातळ सर्व्हर उभे लावायची कल्पना बाजारात आली आणि पाहता पाहता प्रत्येक मोठ्या कंपनीची स्वतःची चासी झाली. प्रत्येकीत ब्लेड चालू अवस्थेत काढता-घालता येत होतं, आणि प्रत्येकीत फक्त तिचंच ब्लेड. २००४ मध्ये आयबीएम आणि इंटेल यांनी आयबीएमच्या ब्लेडसेंटर या चासीच्या काही जोडभागांची तपशीलवार माहिती इतर उत्पादकांना खुली केली. पाऊल चांगलं होतं. तरीही माहिती हाती मिळणं आणि पुढची आवृत्ती ठरवणाऱ्या टेबलापाशी खुर्ची मिळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खुल्या मानकाचा कस मला नेहमी दुसऱ्या गोष्टीत दिसतो.

तशी खुर्ची देणारी एक संस्था १९९४ पासून आहे, पीआयसीएमजी. औद्योगिक संगणक बनवणाऱ्या कंपन्यांचा हा संघ. कॉम्पॅक्टपीसीआय त्यांचंच, आणि त्याचं हॉट-स्वॅप मानक १९९८ चं. मग २००२ च्या अखेरीस दूरसंचाराच्या यंत्रांसाठीचं अ‍ॅडव्हान्स्डटीसीए आलं. त्याच्या घडणीत शंभराहून अधिक कंपन्या होत्या. बोर्ड ८यू उंच (यू हे रॅकमधलं उंचीचं माप, ४४.४५ मिलिमीटरचं) आणि २८० मिलिमीटर खोल, एका स्लॉटला २०० वॅट, ४८ व्होल्टच्या दोन स्वतंत्र वाहिन्या. हे आकडे आता जुने झाले, पुढे वॅट वाढत गेले. पण त्या मानकातला एक भाग मी आजही नव्या माणसाला वाचायला देते. तो म्हणजे बोर्डाच्या मूठीचा आणि निळ्या दिव्याचा.

बोर्डाच्या पुढच्या पट्टीवर खाली एक मूठ असते. ती उघडली की आतला बारीक स्विच हलतो. एवढ्याने वीज तुटत नाही. मूठ उघडणं ही फक्त विनंती असते. बोर्डावरचा छोटा व्यवस्थापन कंट्रोलर ती शेल्फ मॅनेजरला, म्हणजे सगळ्या चासीच्या व्यवस्थापकाला, कळवतो आणि निळा दिवा लुकलुकायला लागतो. शेल्फ मॅनेजर होकार देतो, सॉफ्टवेअर आपली कामं दुसरीकडे हलवतं, बोर्डाची मुख्य वीज उतरते. मग निळा दिवा स्थिर लागतो. स्थिर निळा म्हणजे आता ओढा. तोवर हाताने थांबायचं.

याच्यामागे एम-० ते एम-७ अशा आठ अवस्था लिहिलेल्या आहेत. बोर्ड जागेवर नाही, आहे पण निजलेला आहे, उठायची परवानगी मागतो आहे, उठतो आहे, कामावर आहे, निघायची परवानगी मागतो आहे, आवराआवर करतो आहे. या सात झाल्या. आठवी अवस्था म्हणजे संपर्क तुटला. मला ही आठवी फार मोलाची वाटते. बोर्डाकडून उत्तर येत नाही याचा अर्थ बोर्ड काढला असा लावायचा नाही, असं मानक बजावतं. तो तिथेच असेल, पूर्ण वीज ओढत असेल, त्याच्यावर फोन चालू असतील, आणि बिघडलेला फक्त त्याचा निरोप्या कंट्रोलर असेल. 'नाही' आणि 'कळत नाही' यांना दोन वेगळे खण देणारा माणूस कधीतरी रात्री यंत्रासमोर उभा राहिलेला असणार. कागदावर बसून एवढं सुचत नाही.

संगणकात कार्डं जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या मानकात याच जातीची एक तरतूद आहे. स्लॉटपाशी अटेन्शन बटण असेल तर ते दाबल्यावर वीज दाखवणारा दिवा लुकलुकतो आणि ५ सेकंद काहीच घडत नाही. त्या ५ सेकंदांत बटण पुन्हा दाबलं तर विनंती रद्द. चुकीच्या स्लॉटचं बटण दाबलं गेलं, शेजारच्याने हाक मारली, मन बदललं, या सगळ्यासाठी ही ५ सेकंदं. माणूस असा वागतो हे गृहीत धरून कोणीतरी ते कलम लिहिलं आणि इतरांनी ते मान्य केलं. अशा कलमांमुळे मला हे काम आवडतं.

वेगवेगळ्या कंपन्यांचे बोर्ड एका चासीत आले की आणखी एक प्रश्न उभा राहतो. कनेक्टर तोच, पण तारांवर काय बोलायचं ते प्रत्येकाचं वेगळं. एकाची इथरनेट, दुसऱ्याची पीसीआय एक्सप्रेस. चुकून जोडणी सुरू झाली तर नुकसान होऊ शकतं. जुना उपाय यांत्रिक होता, खाचा आणि खुंट्या, म्हणजे चुकीचं कार्ड बसणारच नाही. अ‍ॅडव्हान्स्डटीसीएमध्ये तो आहेच, पण त्यावर इलेक्ट्रॉनिक कीइंग आलं. प्रत्येक बोर्डाच्या एका छोट्या मेमरीत त्याला कोणकोणत्या जोडण्या जमतात त्याची यादी असते. मुख्य वीज येण्याआधी शेल्फ मॅनेजर ती वाचतो, समोरच्या बोर्डाच्या यादीशी ताडून पाहतो, आणि दोन्हीकडे जे जुळतं तेवढंच सुरू करायला सांगतो. बाकीच्या तारा मुक्या राहतात. आधी ओळख आणि मग वीज, हा क्रम मला प्रत्येक हॉट-स्वॅप मानकात हवा आहे.

आता त्याच मानकाची मला खुपणारी बाजू. बोर्डांमधली मुख्य जोडणी कोणती असावी यावर एकमत झालं नाही, म्हणून ती मोकळी सोडली आणि पोटमानकं काढली. इथरनेटचं एक, इन्फिनीबँडचं एक, स्टारफॅब्रिकचं, पीसीआय एक्सप्रेसचं, रॅपिडआयओचं. बैठकीत हे सगळ्यांना बरं वाटतं. कोणी हरत नाही. पण बोर्ड विकत घेणाऱ्याला मानक पाळलेले दोन बोर्ड मिळतात आणि ते एकमेकांशी मुख्य मार्गावर बोलत नाहीत. इलेक्ट्रॉनिक कीइंग त्यांना इजा होऊ देत नाही, पण बोलतंही करत नाही. शेवटी बहुतेकांनी इथरनेट घेतलं, म्हणजे बैठकीत टाळलेला निर्णय बाजाराने केला आणि मधल्या काळाची किंमत वापरणाऱ्यांनी मोजली. मानकात काही कलमं बंधनकारक असतात, काहींची नुसती शिफारस असते, काही ऐच्छिक. तह करायचा सोपा रस्ता म्हणजे भांडणाचं कलम ऐच्छिक करून टाकणं. मी याच्या ठाम विरोधात आहे. हॉट-स्वॅपमध्ये तर अधिकच, कारण ऐच्छिक दिवा म्हणजे काही यंत्रांवर असलेला आणि काहींवर नसलेला दिवा, आणि समोर उभ्या माणसाला आपलं यंत्र कोणतं हे आठवत बसावं लागतं.

पेटंटचं कलमही पहिल्याच दिवशी लिहायला हवं. जेडेक या मेमरीच्या मानकसंस्थेत रॅम्बस ही कंपनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सदस्य होती, १९९६ मध्ये बाहेर पडली, आणि पुढे त्याच मानकांवर बनलेल्या मेमरीवर तिने पेटंटचे दावे लावले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००६ मध्ये तिच्याविरुद्ध निर्णय दिला, २००८ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला. कायद्याने कोण बरोबर होतं हा वाद बाजूला ठेवला तरी धडा उरतोच. टेबलावर बसलेल्या प्रत्येकाने आपल्या हातात काय आहे ते आधी सांगावं, आणि ते कोणत्या अटींवर इतरांना वापरता येईल हेही.

लोखंड आणि तांबं ठरलं तरी सॉफ्टवेअर उरतं, आणि माझी बहुतेक भांडणं तिथली आहेत. सांगून काढलेला भाग ठीक. न सांगता ओढलेल्या भागाचं काय? पीसीआय एक्सप्रेसवर असलेलं उपकरण नाहीसं झालं की त्याच्याकडून वाचायला गेल्यावर साधारणपणे सगळे १ मिळतात, ३२ बिट वाचले तर ३२ च्या ३२. आता एखाद्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, असं लिहिलं असेल की अमुक बिट ० होईपर्यंत वाचत राहा, तर तो ड्रायव्हर अनंतकाळ वाचत राहतो. उपकरण गेलं, आणि त्याची वाट पाहणारा अडकून पडला. पुढे मानकात डाउनस्ट्रीम पोर्ट कंटेनमेंट आलं. चूक दिसताच पोर्ट ती शाखा बंद करतं, म्हणजे बिघाड वर पसरत नाही. पीसीआय एक्सप्रेसवर चालणाऱ्या एनव्हीएमई डिस्क सर्व्हरच्या तोंडाशी आल्यापासून हे रोजच्या उपयोगाचं झालं आहे, कारण डिस्क ही गोष्ट लोक ओढतातच. तरीही ड्रायव्हर लिहिणाऱ्याने सगळे १ आले तर काय, हे तपासायलाच हवं. मानक त्याला सुरक्षित खोली देऊ शकतं, शहाणपण लिहून देऊ शकत नाही.

त्यासाठी परस्परचाचणीचे मेळावे असतात. वेगवेगळ्या कंपन्यांचे अभियंते आपापली यंत्रं घेऊन एका हॉलमध्ये येतात आणि एकाचा बोर्ड दुसऱ्याच्या चासीत घालतात. तिथे निघालेले दोष बाहेर सांगायचे नाहीत असा रिवाज असतो, त्यामुळे लोक मोकळेपणाने येतात. माझ्या मते मानकाचा खरा मजकूर तिथे तयार होतो. एक वाक्य दोन संघांनी प्रामाणिकपणे दोन प्रकारे वाचलेलं असतं, दोघांचंही वाचन व्याकरणाला धरून असतं, आणि दोन्ही बोर्ड एकमेकांची वाट पाहत बसलेले असतात. तेव्हा ते वाक्य बदलावं लागतं.

मेळाव्यात नसलेल्या माणसांचं एक उदाहरण मला फार बळ देतं. अ‍ॅडव्हान्स्डटीसीएच्या घरातलं छोटं भावंड म्हणजे मायक्रोटीसीए, २००६ चं, मुळात दूरसंचारासाठी. हॅम्बुर्गच्या डेझी संशोधन संस्थेतल्या भौतिकशास्त्रज्ञांनी ते उचललं, आपल्या गरजेप्रमाणे त्यात भर घातली, ती भर पीआयसीएमजीने मानकात घेतली, आणि आज ३.४ किलोमीटर लांबीच्या युरोपियन एक्सएफईएल या क्ष-किरण लेझरचं नियंत्रण त्यावर चालतं. किरणं चालू असताना बोगद्यात माणूस जाऊ शकत नाही, त्यामुळे दुरून अवस्था कळणं आणि दुरून वीज उतरवता येणं ही त्यांची निकड होती. मूळ मानक लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असला प्रवेगक (कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र) नसणार. कागद उघडा होता म्हणून भौतिकशास्त्रज्ञ आत येऊ शकले.

सर्व्हरच्या जगात हा कागद २०११ मध्ये नव्याने उघडला. फेसबुकने ओरेगनमधल्या प्राइनव्हिल डेटा सेंटरचे आराखडे खुले केले आणि ओपन कॉम्प्युट प्रोजेक्ट सुरू झाला. त्यांच्या रॅकमध्ये यंत्राला १९ इंचांऐवजी २१ इंच रुंदी मिळाली, उंचीचं माप ४४.४५ मिलिमीटरचं ४८ झालं, आणि प्रत्येक सर्व्हरमधला वेगळा वीजपुरवठा जाऊन मागे एक बसबार, म्हणजे वीज वाहणारी धातूची सामाईक पट्टी, आला. सर्व्हर आत सरकवला की तो बसबारला चावून बसतो. २०१६ मध्ये गूगल सामील झालं ते ४८ व्होल्टचा रॅक घेऊन. १२ च्या जागी ४८ व्होल्ट घेतले की तेवढ्याच शक्तीला प्रवाह चौथाई लागतो आणि त्याच तांब्यातला अपव्यय सोळाव्या हिश्शावर येतो. पण व्होल्टेज चढला की चालू भार तोडताना ठिणगी ताणली जाण्याचा धोकाही चढतो, आणि एकदिश प्रवाह मधेच शून्यावर येत नसल्याने ती आपली आपण विझत नाही. म्हणून आधी भार उतरवून मगच सुटायचं, ही शिस्त तिथे अधिकच कडक लागते. २०२२ मध्ये याच प्रकल्पात सर्व्हरचे सुटे भाग सामाईक करणारा डीसी-एमएचएस हा गट पुढे आला. बाजारात एकमेकांशी झुंजणाऱ्या डेल आणि एचपीई त्यात एकत्र बसल्या. वीजपुरवठ्याचा सामाईक आकार आणि कनेक्टर, मुख्य बोर्डाची मापं, व्यवस्थापन कंट्रोलरचं वेगळं कार्ड, असं एकेक ठरत गेलं.

मला याचा आनंद आहे, आणि एक काळजीही. आकार जुळला, पिना जुळल्या, आणि तरीही फर्मवेअरने भाग नाकारला, हे घडतं. यंत्र आतल्या यादीत नाव शोधतं, सापडलं नाही की इशारा देतं, पंखे पूर्ण वेगाने फिरवतं किंवा भाग सुरूच करत नाही. सुरक्षेसाठी भागाची ओळख पटवणं मला मान्य आहे, त्यासाठी मी स्वतः कोड लिहिते. पण ओळख पटवणं वेगळं आणि परक्याला दारातून परत पाठवणं वेगळं. कोणत्या कारणाने भाग नाकारता येईल आणि ते कारण वापरणाऱ्याला कुठे वाचता येईल, हे मानकात बंधनकारक हवं. रेडफिश हा व्यवस्थापनाचा खुला इंटरफेस २०१५ पासून आहे. नकाराचं कारण तिथे लिहून ठेवण्यात तांत्रिक अडचण काहीही नाही.

सध्या माझं लक्ष पाण्यावर आहे. नव्या एआय रॅकमध्ये चिप इतक्या तापतात की हवा पुरत नाही. सर्व्हरचा ट्रे आत सरकवताना वीज, डेटा आणि थंड द्रव तिन्ही मागच्या बाजूला न पाहता जोडले जातात. न गळणाऱ्या क्विक-डिस्कनेक्टचं मानक ओपन कॉम्प्युटमध्ये आहे, त्यामुळे एकाची नळी दुसऱ्याच्या तोटीत बसते. पण तोटी बसली म्हणजे द्रव वाहू लागला असं होत नाही. मधे हवेचा बुडबुडा असेल, झडप अर्धवट उघडली असेल. वीज आधी आली आणि प्रवाह आलाच नाही, तर चिपला सावरायला काही सेकंदही मिळायचे नाहीत. म्हणून प्रवाह मोजून खात्री झाल्याशिवाय ट्रेने वीज मागायची नाही, आणि निघताना वीज उतरून चिप निवेपर्यंत झडप मिटायची नाही, असा क्रम अवस्थांच्या तक्त्यातच हवा. गळतीचा सेन्सर ओला झाला तर काय, त्याचीही एक वेगळी अवस्था हवी. 'बिघाड' या सर्वसाधारण खणात ती ढकलून चालणार नाही. कारण तेव्हा वीज ताबडतोब जायला हवी आणि कोणाच्याही होकारासाठी थांबायचं नाही. यावर हमखास आक्षेप येतो तो खर्चाचा. प्रत्येक ट्रेला प्रवाहमापक लावला तर हजारो ट्रेंचा हिशोब मोठा होतो. मुद्दा खोटा नाही. पण मापक रॅकला एकच ठेवला, तर त्याला एका ट्रेची अडलेली नळी बाकीच्यांच्या प्रवाहात दिसतच नाही. आणि मग ते कळतं चिपच्या तापमानावरून, म्हणजे वीज देऊन झाल्यावर.